लिहाबाईंची सातवी

शाळेतल्या प्रत्येक मास्तराला मुलांनी एक नाव ठेवलेलं असतं, आणि ते त्या मास्तराला सोडून बाकी सगळ्या शाळेला माहीत असतं. सातवीला भाषा शिकवणाऱ्या बाईंचं नाव होतं लिहाबाई. वर्गात शिरायचं, खुर्ची मागे ओढायची, चष्मा चढवायचा आणि म्हणायचं, "चला, लिहा." एकोणतीस वर्षं त्यांचा तास याच दोन शब्दांनी सुरू होत आला होता, तेव्हा मुलांना तरी दोष कसा द्यायचा?

शिक्षिका होण्याआधी बाई सहा वर्षं एका वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होत्या. वकीलसाहेब येरझाऱ्या घालत सांगायचे आणि बाई टाइप करायच्या. स्वल्पविराम इकडचा तिकडे व्हायचा नाही. पुढे परीक्षा देऊन त्या शाळेत लागल्या, म्हणजे काय झालं, तर टेबलाची बाजू बदलली. आता त्या सांगायच्या आणि मुलं उतरवून घ्यायची.

काय सांगायच्या? तर लाल पुठ्ठ्याच्या वहीतले आठ निबंध. ही वही त्यांना आधीच्या मास्तरांनी निवृत्त होताना दिली होती, आणि त्या मास्तरांना ती कुणी दिली होती देव जाणे. 'माझी आई', 'माझी शाळा', 'माझा आवडता छंद' असे आठ. वर्षभरात ते सांगायचे, मुलांनी पाठ करायचे, वार्षिक परीक्षेत त्यातला एक यायचा आणि दहापैकी आठ मार्क ठरलेले. तपासणाऱ्याला त्रास नाही, मुलांना त्रास नाही, पालक खूश. कुणाचं काही अडत नव्हतं आणि कुणी काही लिहीतही नव्हतं. पण हे दुसरं वाक्य त्या शाळेत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, बाईंच्याही नाही.

ते आणलं एका आईनं. वर्ष सुरू होऊन दीड महिना झाला होता. सकाळी पहिली घंटा व्हायच्या आत एक बाई वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. पावाच्या कारखान्यात रात्रपाळी करून ती थेट आली होती, भुवयांवर अजून पीठ होतं. हातात तिच्या मुलीची वही होती.

"बाई, ही कोणाची आई?" तिनं विचारलं.

"कोणाची म्हणजे? तुमच्या मुलीनं लिहिलंय."

"तेच तर. 'माझी आई पहाटे पाच वाजता उठते.' मी पहाटे पाचला भट्टीपुढे असते. 'ती आम्हाला गरम गरम नाश्ता करून देते.' मी घरी येते तेव्हा ही शाळेला निघालेली असते. आणि हे बघा, 'माझी आई कधीच थकत नाही.'" तिनं वही मिटली. "बाई, मी थकते. माझे पाय एवढाले सुजतात. मी थकत नाही असं हिला वाटत असेल, तर घरातली भांडी माझ्यासाठी तशीच पडलेली असतात ती का, ते मला आज कळलं."

भांडायला आली असती तर बाईंनी तिला सहज वाटेला लावलं असतं. एकोणतीस वर्षांत पुष्कळ पालक बघितले होते. पण ती भांडत नव्हती, विचारत होती. बाई म्हणाल्या, "तो निबंध मी सांगितलाय." मग ती आई म्हणाली, "मग ती तुमची आई असेल," आणि झोपायला घरी निघून गेली.

बाईंचीही ती आई नव्हती. बाईंची आई सकाळी आठच्या आत कधी उठली नाही आणि स्वयंपाक वडील करायचे. बाईंना त्या दिवशी फार लाज वाटली. त्यांनी एक्केचाळीस वह्या टेबलावर मांडल्या आणि एक्केचाळीस आया पहाटे पाचला उठताना पाहिल्या.

ज्या मुलीची ती वही होती, तिला वर्ग 'अडीच' म्हणायचा. सांगितलेलं सोडून स्वतःच्या मनाचं काही लिही म्हटलं, की ती अडीच ओळींवर थांबायची. तिसरी ओळ अर्ध्यात सोडून खिडकीबाहेर बघत बसायची. आणि खरं सांगायचं तर बाकीची चाळीस तेवढंही लिहीत नव्हती. बाईंनी दुसऱ्या दिवशी सांगून पाहिलं, "आज ज्यानं त्यानं आपल्या आईबद्दल आपल्या मनानं लिहा." वर्गानं पेनं उचलली, एकमेकांकडे पाहिलं आणि पेनं ठेवून दिली. शेवटी एकानं विचारलं, "बाई, सुरुवात काय करायची ते सांगा ना." इथेच सगळं घोडं पेंड खात होतं.

यावर उपाय सापडला तो बाईंच्या जेवणाच्या टेबलावर. घरी तीन माणसं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि दिवसाला मोजून वीस शब्द बोलायचा. उरलेले सगळे शब्द त्याच्या मोठ्या बहिणीकडे होते. या ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आता स्वतःचं बोलणं चालू होतं. रोज बाजारातून आल्या की जेवताना पाच बातम्या सांगायच्या आणि त्यात एक लोणकढी थाप असायची. कुठली, ते भावानं आणि भावजयीनं ओळखायचं. थाप इतकी बेमालूम असायची की दोघं हटकून हरायचे.

"ताई, तुम्ही हे जमवता कसं?" बाईंनी त्या रात्री पहिल्यांदाच विचारलं.

"अगं वहिनी, थाप मारायला अक्कल लागत नाही. बाकीच्या चार बातम्या खऱ्या हव्यात, आणि नुसत्या खऱ्या नाही, बारीक हव्यात. भाजीवाला दुकान बंद करून गेला, हे खरं असूनही खोटं वाटतं. भाजीवाला एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून गेला, हे म्हटलं की बघ, माणूस मान डोलावतो."

"गेला होता का तसा?"

"तेच तर ओळखायचंय," ताई म्हणाल्या आणि आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या, खुर्ची मागे ओढली, आणि 'चला, लिहा' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मी काल काय काय केलं ते पाच वाक्यांत सांगते. त्यातलं एक खोटं आहे. ते पकडायचं, आणि त्याच्या जागी खरं काय झालं असेल ते वहीत लिहायचं." मुलांना आधी वाटलं बाईंना ताप आलाय. पण बाई खरोखरच खोटं बोलताहेत म्हटल्यावर वर्ग असा कान टवकारून बसला की शेजारच्या वर्गातला पाढा ऐकू यायला लागला.

आठवड्याभरात मुलं स्वतःची पाच वाक्यं लिहायला लागली. नियम तेच: चार खरी, एक खोटं, ताकास तूर लागू द्यायची नाही. आणि खोटं लपवायचं तर खरं बारीक हवं, हे ताईंचं शास्त्र त्यांना न शिकवता कळलं. कुणी लिहिलं की आजोबा कवळी चहात बुडवून धुतात. ते खोटं ठरवून सगळ्यांनी हात वर केले, तर निघालं खरं. मग बाईंनी दुसरे खेळ आणले. शिपाईमामांकडे हरवलेल्या वस्तूंचं कपाट होतं. त्यातून एक हातमोजा किंवा डब्याचं झाकण आणायचं आणि ते कुणाचं, का हरवलं, घरी काय बोलणी बसली ते लिहायचं. शिपाईमामा आधी कुरकुरले, मग स्वतःच उत्तम उत्तम वस्तू बाजूला काढून ठेवायला लागले. एका बाकाच्या मुलांनी एकेक ओळ लिहून कागद दुमडत पुढे सरकवायचा, असाही एक खेळ होता. त्यात मुख्याध्यापकांचं तीनदा लग्न लागलं. तो कागद बाईंनी फाडला, पण आधी वाचला.

अडीच मात्र कपाटाच्या वस्तूंवरही अडीच ओळीच लिहायची. बाई त्यांवर सही करून वही परत द्यायच्या. दोन महिन्यांनी एका गुरुवारी तिनं वही पुढे केली. त्यात होतं:

'आई घरी येते तेव्हा मी शाळेला निघते. आम्ही जिन्यात भेटतो. तिसऱ्या मजल्यावर भेटलो तर ती माझी वेणी नीट करते, पहिल्या मजल्यावर भेटलो तर नुसतंच उशीर झाला म्हणते, म्हणून मी मुद्दाम हळू उतरते. तिच्या भुवयांवर पीठ असतं आणि ते मी पुसलेलं तिला आवडत नाही. मला तिचा राग येत नाही.'

वर्गात वाचल्यावर एक्केचाळिसांपैकी चाळीस हात वर गेले. "शेवटचं," सगळे म्हणाले. अडीचनं मान डोलावली. बाईंनी शाबासकी दिली नाही. त्यांनी दुसरी वही उघडली.

आता हे सगळं असंच चाललं असतं तर सांगण्यासारखं फारसं उरलं नसतं. पण शाळा म्हटली की परीक्षा आलीच. सहामाहीचे पेपर तपासायला शेजारच्या तुकडीच्या सरांकडे गेले. या सरांना मुलं फूटपट्टीसर म्हणायची. प्रस्तावनेला दोन, मुद्द्यांना चार, शेवटाला दोन, अक्षराला दोन, असा त्यांचा हिशेब, आणि मुद्दे म्हणजे लाल वहीतलेच. माणूस वाईट नव्हता. पण कवळी कुठल्या मुद्द्यात घालायची, हे त्यांना कळेना. वर्गाची सरासरी आठावरून साडेचारावर आली.

मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. "बाई, तुमची तीन वर्षं राहिलीत. आता ही काय थेरं?"

"मुलं लिहायला लागलीत, सर."

"ते मला दिसत नाही. मला साडेचार दिसतं. पालकांनाही तेच दिसतं." ते आवाज न चढवता बोलत होते, त्यामुळे जास्त लागत होतं. "वार्षिकला सरासरी आठ झाली पाहिजे. नाही झाली, तर पुढच्या वर्षी सातवी सरांकडे. तुम्ही ग्रंथालय सांभाळा. शांत काम आहे."

ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली. कपाटं दोन, एकाची किल्ली हरवलेली. वर्षभरापूर्वी हेच कुणी म्हटलं असतं, तर बाईंनी आनंदानं होकार दिला असता. पाय दुखत होतेच. पण आता त्यांना सातवी हवी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना सकाळी शाळेत जावंसं वाटत होतं, आणि तीन वर्षं म्हणजे अजून तीन सातव्या. त्या सोडायची त्यांची तयारी नव्हती.

घरी त्यांनी हे सांगितलं, तेव्हा ताई मुख्याध्यापकांना नाही नाही ते बोलल्या. नवरा घड्याळातून डोकं वर काढून म्हणाला, "परीक्षेआधी पंधरा दिवस सांग की तुझे ते निबंध. बाकी वर्ष तुझंच." एवढे शब्द त्यानं एकदम खर्चले म्हणजे त्याला काळजी वाटत होती.

बाईंनाही ते पटलं. परीक्षेला पंधरा दिवस राहिले असताना त्यांनी लाल वही काढली, खुर्ची मागे ओढली आणि म्हणाल्या, "चला, लिहा. 'माझी शाळा'." आणि सांगायला लागल्या. मुलं लिहीत होती, पण काहीतरी वेगळं होतं. कुणी गालात हसत होतं, कुणी शेजाऱ्यापासून वही लपवत होतं. बाईंना वाटलं, बऱ्याच दिवसांनी सांगितलं म्हणून असेल. तास संपल्यावर त्या वह्या गोळा करून शिक्षकांच्या खोलीत बसल्या.

पहिल्या वहीत होतं: 'आमच्या शाळेची इमारत भव्य नाही. तिच्यापुढे सायकली लावल्या की ती दिसतच नाही.' बाईंनी चष्मा पुसला. दुसऱ्या वहीत: 'शाळेभोवती रम्य बाग आहे असं बाई म्हणाल्या. शाळेभोवती कुंपण आहे. बाग मुख्याध्यापकांच्या खोलीत, एका कुंडीत आहे.' तिसरीत: 'आमचे सर्व शिक्षक प्रेमळ आहेत, पण सोमवारी नाही.' एक्केचाळीस वह्या आणि एकही दुसरीसारखी नाही. आणि बहुतेकांनी खाली लिहिलं होतं, 'बाई, आज तर सोप्पं होतं. एक नाही, अकरा खोटी वाक्यं सापडली.'

मुलांना तो खेळ वाटला होता. वर्षभर बाई खोटं मिसळून सांगत होत्या, आणि आज तर इतकं ढळढळीत मिसळलं होतं, की हा खेळ नाही असं एकाच्याही मनात आलं नाही. बाई हसायला लागल्या. तोंडावर हात धरून इतक्या हसल्या की फूटपट्टीसरांनी पाण्याचा पेला पुढे केला. मग पाणी पिता पिता त्यांचं हसू गेलं. हेच परीक्षेत लिहिलं तर यांना चारही मिळायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला सरळ सांगायचं ठरवलं. "मुलांनो, कालचा खेळ नव्हता. मी सांगितलं ते पाठ करून लिहिलंत तर आठ मार्क मिळतील. तुम्ही काल लिहिलंत ते चांगलं आहे, पण त्याला परीक्षेत चार मिळतील. चांगलं असून चार. हे बरोबर नाही, पण आहे ते असं आहे. आता ज्यानं त्यानं ठरवायचं."

लगेच मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "आणि सगळ्यांना चार मिळाले तर तुम्हाला काय करतील, बाई?"

"मला काय करणार? मुख्याध्यापक चार शब्द बोलतील. मी ऐकून घेईन. घरी आमच्या ताई त्यांच्या नावानं बोटं मोडतील. माझं काही बिघडत नाही. पुढच्या वर्षी मला दुसरी सातवी मिळेलच."

बोलून झाल्यावर बाईंनी खुर्ची मागे ओढली. मग अडीचचा हात वर गेला. तिच्या मागोमाग दुसरा, तिसरा. बघता बघता सगळे हात वर.

"काय?" बाईंनी विचारलं.

"शेवटची दोन, बाई," अडीच म्हणाली.

खोटं पकडायला त्यांना कुणी शिकवलं होतं? बाई खुर्चीत बसल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी आठाचं सांगितलं, साडेचाराचं सांगितलं, जिन्याखालच्या खोलीचं सांगितलं. "पण ते माझं मी बघेन," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्यासाठी काही करायचं नाही. तुम्हाला वाटेल ते लिहा. एवढं ऐका माझं." मुलांनी माना डोलावल्या. बाईंना बरं वाटलं. त्या संध्याकाळी त्यांनी ताईंना सांगितलंसुद्धा, की ग्रंथालयातल्या दुसऱ्या कपाटाला नवी किल्ली करून घेईन म्हणते.

परीक्षा झाली. बाईंना पर्यवेक्षणाला दुसरा मजला आला होता, त्यामुळे त्यांचा वर्ग काय लिहितोय ते दिसलं नाही. आठवड्यानं फूटपट्टीसर गठ्ठा घेऊन आले तेच मुळी हसत. "बाई, मानलं तुम्हाला. पंधरा दिवसांत गाडी रुळावर! सरासरी साडेआठ. माझ्या तुकडीला सात आहे." मुख्याध्यापकांनी स्वतः येऊन सांगितलं, "सातवी तुमचीच. झालं गेलं विसरून जा." शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी अभिनंदन केलं.

सगळे घरी गेल्यावर बाईंनी गठ्ठा सोडला. विषय 'माझी शाळा' हाच आला होता. 'आमच्या शाळेची इमारत भव्य आहे. शाळेभोवती रम्य बाग आहे. आमचे सर्व शिक्षक प्रेमळ आहेत.' दुसरा पेपर, तेच. तिसरा, तेच. सायकली नाहीत, कुंडी नाही, सोमवार नाही. बाई एकेक पेपर बोट ठेवून वाचत गेल्या. एखादं तरी वाक्य सुटलं असेल, एखाद्याला तरी राहवलं नसेल, म्हणून शेवटपर्यंत वाचत गेल्या. एक्केचाळिसाव्या पेपरवर अडीचचा क्रमांक होता. पूर्ण दोन पानं, सुंदर अक्षर, दहापैकी साडेनऊ. स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला नव्हता.

बाईंना वाटलं, त्यापेक्षा जिन्याखालची खोली बरी होती.

गठ्ठा कचेरीत द्यायला त्या बाहेर पडल्या, तर व्हरांड्यात अडीच उभी होती. निकाल कळावा म्हणून ती घरी गेलीच नव्हती.

"बाई, आम्ही आठवीवाल्यांच्या जुन्या वह्या मागून आणल्या आणि रोज मधल्या सुट्टीत एकमेकांचं म्हणून घेतलं. तुम्ही नको म्हणालात ना, म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. एकही शब्द चुकला नाही ना कुणाचा?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "एकही नाही."

"मग सातवी तुमच्याकडेच?"

"माझ्याकडेच."

अडीचनं एक उडी मारली आणि बाकीच्यांना सांगायला फाटकाकडे धावत सुटली. बाई गठ्ठा छातीशी धरून तिथेच रडायला लागल्या. शिपाईमामा खोल्यांना कुलपं लावत येत होते. ते थांबले आणि म्हणाले, "असू द्या, बाई, आनंदाचं आहे, येतं पाणी डोळ्यांना." बाईंनी मान हलवून हो म्हटलं.